युक्तिवादाची पद्धत ओळखण्याचे प्रश्न: शेवटचे दोन पर्याय सारखेच वाटतात तेव्हा काय पाहावे

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत प्रवेशासाठी ती एलसॅटची तयारी करते आहे. त्यातील लॉजिकल रीझनिंग या तर्कविचाराच्या विभागात गृहीतक शोधणे, युक्तिवाद बळकट किंवा कमकुवत करणे हे प्रकार तिला चांगले जमतात. मात्र ‘वक्त्याने कोणत्या पद्धतीने युक्तिवाद केला’ असे विचारणाऱ्या प्रश्नांत पाचपैकी तीन पर्याय गळल्यावर ती उरलेल्या दोनांवर अडकते. प्रतिउदाहरण देणे, साम्य दाखवणे, विरोधी मतातून विसंगती काढणे, पर्यायी स्पष्टीकरण मांडणे ही वर्णने तिला एकमेकांत मिसळलेली दिसतात. त्यांच्यातील फरक पक्का कसा करावा, असे तिने विचारले आहे.

या प्रकारावर वेळ घालवणे आज पूर्वीपेक्षा अधिक योग्य आहे. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्सचा, म्हणजे तर्ककोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला, आणि आता गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे असतात. विभागाला ३५ मिनिटे आणि प्रश्न साधारण २५, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही पूर्ण मिळत नाही. पद्धत थेट विचारणारे प्रश्न त्यांत थोडेच असतात हे खरे. परंतु युक्तिवादातील दोष सांगा, अमुक विधानाची भूमिका सांगा, याच धाटणीचा दुसरा युक्तिवाद निवडा, हे सगळे प्रकार याच एका कौशल्यावर उभे आहेत. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या जीमॅटमध्ये ठळक अक्षरांत छापलेल्या दोन वाक्यांची कामे विचारली जातात तेव्हा आणि भारतातील विधी प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे क्लॅटच्या दीर्घ उताऱ्यांवर लेखकाच्या युक्तिवादाची रचना विचारली जाते तेव्हाही हेच कौशल्य लागते.

सर्वप्रथम एक भेद मनात पक्का करावा लागतो. बहुतेक प्रश्न युक्तिवाद काय म्हणतो याविषयी असतात आणि पद्धतीचा प्रश्न युक्तिवाद काय करतो याविषयी असतो. त्यामुळे येथे युक्तिवाद पटतो की नाही याला काही महत्त्व नाही. वक्त्याने अगदी तकलादू साम्य दाखवले असले, तरी ‘साम्याच्या आधारे निष्कर्ष काढतो’ हे वर्णन बरोबरच ठरते. चांगल्या विद्यार्थ्यांना हे कठीण जाते, कारण कमकुवत दुवा दिसताच त्यावर बोट ठेवण्याची सवय त्यांना इतर प्रश्नांनी लावलेली असते. ‘अमुक शक्यतेकडे दुर्लक्ष करतो’, ‘पुरेशा पुराव्याविना गृहीत धरतो’ अशी वाक्यरचना पर्यायात दिसली, तर तो पर्याय दोषाच्या प्रश्नातून आलेला पाहुणा आहे असे समजून त्याच्याकडे सावधपणे पाहावे. पद्धतीच्या प्रश्नात तो क्वचितच बरोबर निघतो.

आता मुख्य गोष्ट. पद्धतींची नावे आणि व्याख्या पाठ करून फरक कळत नाही, कारण परीक्षेत व्याख्या शब्दशः येत नाहीत. फरक कळतो तो दोन प्रश्नांनी. प्रतिसाद समोरच्या युक्तिवादाच्या कोणत्या भागाला भिडतो? आणि त्यासाठी समोरच्याकडून तो काय उचलतो? युक्तिवादाला आधारविधान असते, निष्कर्ष असतो आणि या दोहोंना जोडणारा सांधा असतो. भिडायला इतक्याच जागा आहेत. समोरच्याकडून उचलण्यासारख्या गोष्टीही मोजक्याच आहेत: त्याचे विधान, त्याने दिलेली वस्तुस्थिती किंवा त्याच्या विचाराचा साचा.

एकच युक्तिवाद घेऊन हे तपासून पाहू. समजा, पहिला वक्ता म्हणतो: ‘शहरात नवा उड्डाणपूल सुरू झाल्यानंतरच्या वर्षात त्या चौकातील अपघात निम्म्यावर आले. तेव्हा, उड्डाणपुलामुळे हा चौक सुरक्षित झाला आहे.’ यावर दुसरा वक्ता म्हणतो: ‘अपघात कमी झालेलेच नाहीत. त्या वर्षापासून किरकोळ अपघातांची नोंद घेणे थांबवले, एवढेच घडले आहे.’ हा आघात थेट आधारविधानावर आहे. पहिल्याने सांगितलेली वस्तुस्थितीच दुसरा नाकारतो. बरोबर पर्याय काहीसा असा असेल: ‘निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा आहे, त्या पुराव्याच्या अचूकतेविषयी शंका उपस्थित करतो.’

आता दुसऱ्या वक्त्याचे उत्तर बदलू. ‘पूल सुरू झाला त्याच महिन्यात त्या रस्त्यावरील वेगमर्यादा ताशी ६० वरून ४० किलोमीटर केली गेली.’ अपघात निम्म्यावर आले हे येथे निमूटपणे मान्य केले आहे. निष्कर्ष खोटा आहे असेही दुसऱ्याने म्हटलेले नाही. तो फक्त सांधा सैल करतो: परिणाम खरा असेल, पण त्याचे कारण दुसरेही असू शकते. हे पर्यायी स्पष्टीकरण. ‘पहिल्याच्या निष्कर्षाचे खंडन करतो’ असे सांगणारा पर्याय येथे हमखास ठेवलेला असतो आणि तो चुकीचा असतो, कारण निष्कर्षाला दिलेला आधार अपुरा आहे असे दाखवणे आणि निष्कर्ष असत्य आहे असे दाखवणे या दोन वेगळ्या कृती आहेत. मी वर्गात सर्वांत जास्त वेळ या एका भेदावर देतो, आणि तो वेळ मला कधीही जास्त वाटलेला नाही.

तिसरे उत्तर: ‘वाहनांचे अपघात कमी झाले असतील, पण पुलाच्या उतारावर वाहने भरधाव येत असल्याने पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडणे आता अधिक धोक्याचे झाले आहे, त्यामुळे चौक सुरक्षित झाला असे म्हणता येणार नाही.’ हे उत्तर आधारविधान मान्य करते, पुलामुळे फरक पडला हेही मान्य करते, आणि पहिल्याने विचारात न घेतलेली बाब पुढे आणून थेट निष्कर्षाला भिडते. पर्यायात ‘नवी बाब विचारात आणून निष्कर्षाविरुद्ध मत मांडतो’ असे काही असेल. येथे ‘निष्कर्षाला विरोध करतो’ हे वर्णन बसते, मागच्या उत्तरात बसत नव्हते.

चौथे उत्तर सर्वांत फसवे आहे. ‘याच न्यायाने त्या चौकात त्याच वर्षी सुरू झालेल्या मिठाईच्या दुकानामुळेही अपघात कमी झाले, असे म्हणावे लागेल.’ येथे दुसऱ्याने पहिल्याचे आधारविधान नाकारलेले नाही, दुसरे कारणही सुचवलेले नाही. मिठाईच्या दुकानामुळे अपघात कमी झाले असे त्याला मुळीच म्हणायचे नाही. त्याने पहिल्याच्या विचाराचा साचा उचलला, त्यात दुसरे द्रव्य ओतले आणि निघालेला निष्कर्ष उघडउघड हास्यास्पद आहे हे दाखवले. घाईत वाचणारा ‘दुकान’ हा शब्द पाहून पर्यायी कारण दिले असे समजतो. उत्तरातील नवी गोष्ट वक्ता स्वतः खरी मानतो, की ती कोणीच खरी मानणार नाही म्हणून पुढे ठेवतो, एवढे विचारले की गोंधळ मिटतो. वेगमर्यादा त्याला खरोखर कारण वाटते, दुकान वाटत नाही.

आता विद्यार्थिनीने नावे घेतलेल्या त्रयीकडे येऊ: प्रतिउदाहरण, साम्य आणि विसंगती. या तिन्हींचे इतिहासातील खरे नमुने डोळ्यांसमोर ठेवावेत असे मी सुचवीन, कारण परीक्षेसाठी रचलेल्या उताऱ्यांपेक्षा ते दीर्घकाळ लक्षात राहतात.

प्रतिउदाहरणाचा शुद्ध नमुना गणितात आहे. दोनचा घात, आणि तो घातांकही दोनचाच एखादा घात, अशी संख्या घेऊन तिच्यात एक मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत, आणि अशी प्रत्येक संख्या मूळ असते असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचे मत होते. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवले की पुढचीच संख्या, ४,२९,४९,६७,२९७, हिला ६४१ ने भाग जातो. एवढ्यावर ते मत संपले. ऑयलरने येथे काय उचलले? फर्माचे सार्वत्रिक विधान. आणि समोर काय ठेवले? त्या विधानाच्या कक्षेत येणारे, पण त्याला न जुमानणारे एक खरे प्रकरण. प्रतिउदाहरणाला या दोन्ही गोष्टी लागतात. समोरच्याने ‘प्रत्येक’, ‘कधीच नाही’, ‘केवळ तेव्हाच’ अशा धाटणीचा सर्वसामान्य दावा केलेला असला पाहिजे, आणि दिलेले प्रकरण त्या दाव्याच्या आतले असले पाहिजे. उताऱ्यात सर्वसामान्य दावाच नसेल, तर ‘प्रतिउदाहरण देतो’ हा पर्याय उदाहरण कितीही ठसठशीत असले तरी खोडावा. ‘बहुतेक’ किंवा ‘सहसा’ अशा दाव्याला एका प्रकरणाने धक्का लागत नाही, हेही विसरू नये.

विसंगतीच्या पद्धतीचा माझ्या मते सर्वांत देखणा नमुना गॅलिलिओच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात आहे. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांचे मत तो क्षणभर खरे धरतो. समजा, मोठा दगड आठ एकक वेगाने पडतो आणि लहान दगड चार एकक वेगाने. आता दोन्ही एकत्र बांधले. संथ पडणारा लहान दगड मोठ्याला मागे ओढील, म्हणून जोडीचा वेग आठपेक्षा कमी हवा. परंतु जोडी तर एकट्या मोठ्या दगडापेक्षा जड आहे, म्हणून तिचा वेग आठपेक्षा जास्त हवा. एकाच मतातून दोन परस्परविरोधी गोष्टी निघाल्या, तेव्हा ते मतच सोडावे लागते. या युक्तिवादात कोणताही दगड प्रत्यक्ष टाकून पाहावा लागत नाही. बाहेरचे प्रकरण आणलेले नाही. समोरच्याचेच विधान उचलले आणि त्याच्या पोटातून विसंगती बाहेर काढली. शाळेत भूमितीत शिकलेली अप्रत्यक्ष सिद्धता हीच पद्धत आहे. परीक्षेतील वर्णन ‘एखादा दावा मान्य केल्यास अस्वीकार्य परिणाम ओढवतो असे दाखवून तो दावा नाकारतो’ अशा धर्तीचे असते. तेथे थेट विसंगती असावीच असे नाही. जो परिणाम समोरचा स्वतः स्वीकारणार नाही, तोही पुरतो.

साम्याचा नमुना व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातला आहे. १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर प्रसूतिज्वराचे कारण शोधत होता. त्याचा सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मरण पावला, आणि त्याच्या आजाराची लक्षणे प्रसूतिज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांच्या लक्षणांशी जुळत होती. सेमेलवाइसने अनुमान केले की कारणही एकच असले पाहिजे: शवाचे कण कोलेच्काच्या रक्तात सुरीने गेले आणि बाळंतिणींच्या शरीरात ते विच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांनी गेले. दोन प्रकरणांतले माहीत असलेले साम्य घेऊन त्यावरून माहीत नसलेले साम्य गाठणे, ही साम्यानुमानाची घडण आहे. येथे कोणाचे खंडन चाललेले नाही, नवा निष्कर्ष उभारला जातो आहे.

ही तीन चित्रे शेजारी ठेवली की मिठाईच्या दुकानाचे उत्तर कोठे बसते तेही स्पष्ट होते. ते साम्याच्या कुळातले आहे, कारण त्यात दोन युक्तिवादांच्या साच्यांतले साम्य वापरले आहे. पण त्याचा हेतू खंडनाचा आहे, आणि म्हणून ते विसंगतीच्या पद्धतीसारखे भासते. फरक असा, की गॅलिलिओ समोरच्याचे विधान खरे धरून पुढे जातो, तर दुकानाचे उत्तर देणारा पुलाविषयीचे विधान खरे धरतच नाही. तो फक्त विचाराची वाट उचलतो आणि त्याच वाटेने दुसरीकडे जाऊन दाखवतो. परीक्षेत ‘समोरच्या दाव्याचे परिणाम’ आणि ‘समोरच्यासारखाच दुसरा युक्तिवाद’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आले, तर विषय बदलला का ते पाहावे. विषय तोच राहून परिणाम पुढे गेले असतील तर पहिला पर्याय, विषय बदलून घडण तीच राहिली असेल तर दुसरा.

पर्यायी स्पष्टीकरण मांडणे आणि पर्यायी स्पष्टीकरणे बाद करणे या जोडीत बरेच विद्यार्थी घसरतात, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण दोन्ही वर्णनांत ‘पर्यायी स्पष्टीकरण’ हेच शब्द असतात. दिशा मात्र उलट आहे. पहिले काम सहसा टीकाकार करतो, दुसरे काम स्वतःचा कार्यकारणभाव राखू पाहणारा करतो. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकी (कॉलरा) पसरली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने तिचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडला. त्या काळी दूषित हवेमुळे पटकी होते हे मत प्रबळ होते. स्नोच्या पुराव्यातील तीन गोष्टी पाहा. पोलंड स्ट्रीटवरील अनाथ-निराधारांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती, भोवतालच्या घरांत माणसे पटापट मरत होती, पण तेथे पाचच मृत्यू झाले. आश्रयगृहाला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच मद्यनिर्मितीच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, त्यांतला एकही पटकीने मेला नाही. त्यांना तेथलेच मद्य मिळे आणि कारखान्याला पाण्याची स्वतःची सोय होती. तिसरी गोष्ट दूरच्या हॅम्पस्टेडची. तेथे राहणाऱ्या एका विधवेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे म्हणून ते पाणी ती रोज मागवत असे, आणि तिच्या परिसरात पटकी नसताना ती पटकीने गेली.

पहिल्या दोन गोष्टी काय करतात? आश्रयगृहातले आणि कारखान्यातले लोक तीच हवा घेत होते आणि तरी वाचले, तेव्हा केवळ हवेने हे स्पष्ट होत नाही. तिसरी गोष्ट उलट बाजूने तेच सांगते: हवा वेगळी, पाणी तेच, परिणाम तोच. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे अन्वय आणि व्यतिरेक आहेत, म्हणजे पंपाचे पाणी आहे तेथे रोग आणि ते नाही तेथे रोगाचा अभाव. परीक्षेतला पर्याय याला ‘प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण उपलब्ध पुराव्याशी जुळत नाही असे दाखवून स्वतःच्या स्पष्टीकरणाचे समर्थन करतो’ असे म्हणेल. येथे ‘पर्यायी स्पष्टीकरण सुचवतो’ असे म्हणणारा पर्यायही पूर्ण खोटा वाटत नाही, कारण हवेच्या मताच्या तुलनेत पाण्याचे मत पर्यायी आहेच. म्हणून उतारा नेमका कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो हे पाहावे लागते. उताऱ्यात आधी दुसऱ्या कोणाचा निष्कर्ष देऊन मग पाण्याची शक्यता मांडली असेल, तर सुचवणे. पाण्याचा निष्कर्ष लेखकाचाच असेल आणि हवेचा उल्लेख तो निकालात काढण्यासाठी आला असेल, तर बाद करणे. तोच पुरावा, तीच माणसे, पण मांडणी बदलली की पद्धतीचे नाव बदलते.

सामान्यीकरण आणि तत्त्वाचा वापर यांच्यातही दिशेचाच फरक आहे आणि तो सोपा आहे. काही प्रकरणांवरून सर्वांविषयी बोलणे हे पहिले, सर्वांविषयीच्या नियमावरून एका प्रकरणाविषयी बोलणे हे दुसरे. निष्कर्षाचे वाक्य शोधून ते एका गोष्टीविषयी आहे की अनेकांविषयी, एवढे पाहिले की पुरते.

विधानाची भूमिका विचारणाऱ्या प्रश्नांकडे वळतो, कारण तेथेही हाच अडथळा वेगळ्या रूपाने येतो. बहुतेकांचा घोटाळा मुख्य निष्कर्ष आणि मधला निष्कर्ष यांत होतो. उताऱ्यात ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ आले की विद्यार्थी ते वाक्य मुख्य निष्कर्ष मानतात. हे नमुना-वाक्य पाहा: ‘धरणातील गाळ दरवर्षी वाढतो आहे, त्यामुळे त्याची साठवणक्षमता घटते आहे; तेव्हा पाटबंधारे विभागाने नव्या कालव्यांना मंजुरी देण्यापूर्वी गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे.’ साठवणक्षमता घटते आहे, या विधानाला गाळाचा आधार आहे आणि ते स्वतः गाळ काढण्याच्या शिफारशीला आधार देते. ‘का?’ असे विचारले तर उताऱ्यात उत्तर मिळते, आणि ‘मग काय?’ असे विचारले तरीही मिळते. ज्या विधानाबाबत दोन्ही प्रश्नांना उताऱ्यात उत्तर मिळते ते मधला निष्कर्ष असते, फक्त ‘का?’ ला उत्तर असेल तर मुख्य निष्कर्ष, फक्त ‘मग काय?’ ला असेल तर आधारविधान. आणखी एक भूमिका लक्षात ठेवावी, ती म्हणजे सवलत: ‘गाळ काढण्याचा खर्च मोठा आहे हे खरे’ असे वाक्य निष्कर्षाला आधारही देत नाही आणि लेखकाचा त्याला विरोधही नसतो. लेखक ते मान्य करून पुढे जातो. त्याला ‘लेखक ज्याचे खंडन करतो ते मत’ असे म्हणणारा पर्याय चुकीचा असतो.

आता पर्याय वाचण्याच्या कलेविषयी. पर्याय अमूर्त भाषेत असतो, आणि घाबरवतो तो त्याच्या भाषेमुळे. त्याचे तुकडे पाडावेत: क्रियापद कोणते, आणि त्या क्रियापदाचे कर्म कोणते. ‘एका सर्वसामान्य दाव्याला अपवाद दाखवून तो दावा नाकारतो’ या पर्यायात मला उताऱ्यातील सर्वसामान्य दाव्यावर बोट ठेवता आले पाहिजे, अपवादावर बोट ठेवता आले पाहिजे आणि ‘नाकारतो’ इतक्या जोराचे वाक्यही सापडले पाहिजे. यांतले एकही सापडले नाही, तर बाकीचे कितीही नेमके असले तरी पर्याय गेला. अर्धा बरोबर असलेला पर्याय येथे पूर्ण चुकीचाच असतो, आणि परीक्षा घेणारे तो जाणूनबुजून तसा रचतात: पहिला भाग अचूक, दुसऱ्या भागात एकच नाम बदललेले.

क्रियापदाच्या जोराकडे तर विशेष लक्ष द्यावे. ‘सिद्ध करतो’, ‘खोटे ठरवतो’, ‘अशक्य असल्याचे दाखवतो’ ही क्रियापदे जड आहेत. ‘शंका उपस्थित करतो’, ‘शक्यता मांडतो’, ‘आधार देतो’ ही हलकी आहेत. माणसे प्रत्यक्षात वाद घालतात तेव्हा सिद्ध फारसे काही होत नाही, म्हणून बरोबर पर्याय पुष्कळदा हलक्या क्रियापदाचा असतो. परंतु हा नियम नव्हे. वर दिलेल्या ऑयलरच्या प्रकरणात ‘शंका उपस्थित करतो’ म्हणणे त्याच्यावर अन्याय ठरेल. उताऱ्यात जेवढा जोर आहे तेवढाच पर्यायात हवा, ही खरी कसोटी.

आपल्या जुन्या शास्त्रपरंपरेत लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे जे दोष सांगितले आहेत, त्यांतले दोन येथे अचूक लागू पडतात. पर्याय उताऱ्यात न घडलेली गोष्टही घडली असे म्हणत असेल, तर तो अतिव्याप्तीचा दोष. जड क्रियापदे आणि ‘सर्व’, ‘एकमेव’ असे शब्द त्याची खूण असतात. पर्याय उताऱ्यात खरोखर घडलेल्या, पण दुय्यम गोष्टीचेच वर्णन करून मुख्य हालचाल बाहेर ठेवत असेल, तर ती अव्याप्ती. शेवटच्या दोन पर्यायांत अडकणारे विद्यार्थी बहुधा अव्याप्तीला बळी पडतात, कारण असा पर्याय तपासला तर तो खरा निघतो! स्नोविषयीच्या उताऱ्यात ‘एका व्यक्तीच्या उदाहरणाचा आधार घेतो’ हे खरेच आहे, पण हॅम्पस्टेडची विधवा हा युक्तिवादाचा एक तुकडा आहे, त्याची पद्धत नव्हे. दोन्ही पर्याय खरे वाटले, तर मुख्य निष्कर्षापर्यंत पोहोचवणारी हालचाल कोणता पर्याय सांगतो, हे विचारावे.

सरावाविषयी माझा आग्रह एकच आहे. पर्याय वाचण्याआधी वक्त्याने काय केले हे एका वाक्यात स्वतःशी म्हणावे, आणि हे वाक्य ज्या भाषेत आपण घरी वाद घालतो त्या भाषेत म्हणावे. उतारा इंग्रजीत, पर्याय इंग्रजीत, मग मधले वाक्य मराठीत कशाला, असे काही जण विचारतात. इंग्रजीत ते वाक्य करताना विद्यार्थी नकळत उताऱ्यातलेच शब्द पुन्हा म्हणतात, आणि मग काय म्हटले तेच सांगितले जाते, काय केले ते राहून जाते. मराठीत ‘हा म्हणतो, आकडे बरोबर असतील, पण कारण दुसरेच असेल’ असे म्हटले की आघात सांध्यावर आहे हे ऐकूच येते. सुरुवातीला याला वेळ लागतो, म्हणून पहिले काही आठवडे घड्याळ न लावता सराव करावा. प्रश्न शक्यतो एलसॅक या एलसॅट घेणाऱ्या संस्थेने स्वतः लॉहब या तिच्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिलेल्या जुन्या परीक्षांतलेच घ्यावेत, कारण पर्यायांच्या भाषेतले बारकावे इतर ठिकाणच्या नकली प्रश्नांत फारसे उतरत नाहीत. बरोबर आलेल्या प्रश्नांतही चार चुकीच्या पर्यायांपुढे लिहून ठेवावे, की हा पर्याय बरोबर ठरण्यासाठी उताऱ्यात कोणते वाक्य असायला हवे होते. प्रतिउदाहरणाचा पर्याय बरोबर यावा म्हणून उतारा बदलून लिहिता आला, मग तोच उतारा साम्याच्या पर्यायासाठी आणि नंतर विसंगतीच्या पर्यायासाठी बदलता आला, तर या पद्धती परीक्षेत एकमेकींत मिसळणार नाहीत. उड्डाणपुलाच्या युक्तिवादाला वर मी दिलेल्या चार उत्तरांत एक शुद्ध प्रतिउदाहरण मुद्दाम दिलेले नाही. ते देण्यासाठी पहिल्या वक्त्याच्या वाक्यात आधी काय बदलावे लागेल, येथून विद्यार्थिनीने सरावाला सुरुवात करावी.